पट्टी न बदलणारे मामाजी

भर भजनात खंजिरी थांबवायची हिंमत आमच्या मोहल्ल्यात एकट्या मामाजींची. कोणी बेसूर झालं की आधी त्यांचा हात थांबायचा, मग पेटी, मग सगळेच. एकदा नगरसेवक माईक ओढून म्हणायला लागले. मामाजींनी खंजिरी सरळ मांडीवर ठेवली. "साहेब, तुमी बसा न आरामात. ऐकाले बी माणूस लागते." साहेब गुमान बसले आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा ऐकायला आले!

नात्याने ते माझे कोणी नव्हते. घराला घर लागून, म्हणून मामाजी. घरचा हातमाग बंद पडला तेव्हा ते कामठीला पावरलूमवर गेले आणि तीस वर्षं त्या खडखडाटात राबले. पण गुरुवारी कामावरून थेट मंदिरात. काय गळा होता हो! एका हातात खंजिरी, दुसऱ्या हाताची बोटं तिच्यावर नाचताहेत, आणि वर तो खडा आवाज. मी बर्डीच्या बाजारात साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून यायची, पायाचे तुकडे पडायचे. पण त्यांच्या मागे म्हणायला बसलं की सगळं विसरायला व्हायचं.

पावरलूमने हळूहळू त्यांचे कान नेले. कानाची मशीन लावून पाहिली, पण "टिनावर गोटे पडल्यावानी आवाज येते वं," म्हणून काढून ठेवली. मग गाता गाता सूर खाली उतरू लागला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचा बेसूर खपवून घेतला नाही, त्याला हे सांगणार कोण? शेवटी पेटीवाल्या सरांनी युक्ती काढली. मामाजी उतरले की सर गुपचूप पट्टी बदलत आणि आम्ही सगळे त्यांच्यामागे खाली उतरत. त्यांना कळू द्यायचं नाही, अशी सगळ्यांनी शपथ घेतली होती. दोन वर्षं निभलं.

मग कोणीतरी भजनाचा व्हिडिओ मोबाईलवर पाठवला. मामाजी मोबाईल घेऊन माझ्या दारात. "सरची बोटं पाह्य. एकाच भजनात दोनदा जागा बदलून राहिले. काहून?"

मी व्हिडिओ बंद करायला गेले, त्यांनी मोबाईल मागे ओढला.

"खरं सांग पोरी. मी उतरून राहिलो का?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण त्या डोळ्यांपुढे जीभ वळेना. मान हलवली आणि दोन बोटं दाखवून ओरडून सांगितलं, "दोन वर्षं झाली, मामाजी."

"दोन वर्षं! अन् तुमी सारे माह्यासंगं घसरले?" ते पायरीवरच बसले. "सूर माणसामागं येत नसते वं. माणसाले सुरामागं जा लागते." डोळे पुसून उठले आणि गेले. मला वाटलं, संपलं. मीच त्यांचं गाणं मारलं.

गुरुवारी मंदिरात गेले, तर मामाजी मागच्या रांगेत खंजिरी घेऊन बसलेले. पुढच्या जागेकडे बोट दाखवत म्हणाले, "बस तिथं. आता तू गाय."

"आणि तुम्ही?"

माझे ओठ वाचून हसले. "हात कुठं बहिरे झाले?"

मी गायले. रडू आवरत गायले, आणि अंतऱ्याला सूर पार सुटला. सरांनी पट्टी बदलली नाही, पण थांबवलंही नाही. मामाजी तर डोळे माझ्याकडे लावून वाजवत होते. भजन संपल्यावर सगळे म्हणाले, "एक नंबर!" मी मामाजींकडे पाहिलं. वाटलं, यांना काय कळणार? तरी जवळ जाऊन ओरडले, "चुकले, मामाजी."

"मले मालूम हाय. अंतऱ्याले. गळ्याची शीर तट्ट फुगली होती तुही. ताकदीनं सूर लागत नसते," म्हणाले. "उद्या सकाळी सहाले ये. मी पाहून सांगतो."

पुढची चार वर्षं, ते जाईपर्यंत, रोज सकाळी त्यांनी माझं गाणं असं पाहून पाहून दुरुस्त केलं. आज लोक माझ्या सुराची तारीफ करतात. तो सूर मामाजींनी एकदाही ऐकला नाही.