सगळे उतरले का?

सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरून डॉक्टर म्हणाले, "क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा." मग माझा चेहरा पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त हळूहळू साठत गेलं होतं आणि आता ते मेंदूला एका बाजूने दाबत होतं.

"गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का?"

मी ठामपणे नाही म्हणाले. आठवलं ते माझ्या मुलीला, अश्विनीला. त्र्यंबकेश्वरहून येताना एसटीने गचका दिला आणि ह्यांचं डोकं लोखंडी दांडीवर आपटलं होतं. रक्त आलं नाही, हे स्वतःच हसले, आम्ही विसरून गेलो. हृदयासाठी ह्यांना ॲस्पिरिन चालू होती. त्या गोळीमुळे रक्त सहज गोठत नाही, म्हणून आतली बारीक गळती थांबली नसावी, असं डॉक्टर म्हणाले.

मला धीर आला की धसका बसला, तेच कळेना. तोवर जो तो म्हणत होता, वय झालं, विसरायला होणारच.

सुरुवात डोकेदुखीने झाली होती. मग डावा पाय चपलेत नीट जाईना. हे नौदलातून निवृत्त होऊन अंबडच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. दाढी, बूट, पेपर, सगळं वेळच्या वेळी. तो माणूस स्वयंपाकघरात येऊन कशासाठी आलो म्हणून उभा राहायला लागला. एका दुपारी इंदिरानगरच्या आमच्याच घरात त्यांनी मला अदबीने विचारलं, "बाई, आपण कोणाकडे आलात?" त्याच दिवशी आम्ही त्यांना गंगापूर रोडवरच्या हॉस्पिटलात आणलं.

ऑपरेशन लगेच होणार नव्हतं. ॲस्पिरिनचा परिणाम ओसरू द्यायचा होता. गुंगी वाढली तर मात्र थांबणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तोवर वॉर्डात राहायचं.

तिथे माझाही गोंधळ उडाला. बाहेरून स्ट्रेचर आलं की हे अंथरुणात उठून बसत, दोन्ही हात डोक्यावर उचलून तळवे आपल्याकडे हलवत. "सीधा आओ, सीधा." सिस्टर म्हणायच्या, "काका, झोपा बरं." त्यांनाच हे दटावायचे, "रॅम्पसमोर उभं राहू नका. उतरलात की पुढे सरका, वाळूत थांबू नका, मागचे येतायत."

आमचं लग्न एकाहत्तरच्या युद्धानंतरचं. युद्धात कुठे होतात असं विचारलं की हे "बोटीवर" एवढंच सांगत. त्यामुळे हे रॅम्प, ही वाळू, माझ्या ओळखीचं यात काहीच नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं, हे खरं बोलतायत का?

"याला डिलिरियम म्हणतात. मेंदू गोंधळला की जुनं आणि समोरचं एकात एक मिसळतं. त्यातलं खरं किती, ते मी नाही सांगू शकणार. तुम्ही वाद घालू नका, एवढंच."

ऑपरेशनच्या सकाळी हे ट्रॉलीवर येईनात. पलंगाचा कठडा दोन्ही मुठींत घट्ट धरलेला. वॉर्डबॉयने हात सोडवायला पाहिलं तर झटापटीत सलाईनची सुई निघाली. चादरीवर रक्त पडलं. तिकडे भूल देणाऱ्या बाई वाट पाहत होत्या आणि ह्यांचं बोलणं सकाळपासून जड होत चाललं होतं. मी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

"अहो, काय धरलंय तुम्ही?"

"दोर. पाणी गळ्याशी आलंय. पोरांच्या पाठीवर ओझी आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळे उतरले का?"

कुठली पोरं, कुठलं पाणी, मला काही माहीत नव्हतं. मी म्हणाले, "हो. सगळे किनाऱ्याला लागले."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

मुठी सैल झाल्या. ट्रॉली गेली आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. आपण ह्यांना नक्की काय सांगितलं, याचा विचार करत.

या शस्त्रक्रियेला बर होल म्हणतात. कवटीला लहान भोकं पाडून साठलेलं रक्त बाहेर काढतात आणि उरलेलं वाहून जावं म्हणून नळी ठेवतात. दुसऱ्या सकाळी ह्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "सुमन, तू काही खाल्लंस का?" मला रडू आवरेना. वॉर्डातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

हे वाचणाऱ्यांना एक सांगते. घरातलं माणूस थोड्या दिवसांत बदललं, भरकटल्यासारखं बोलू लागलं, तर वयावर ढकलू नका. डोक्याला लागलेलं किरकोळ वाटलं तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

घरी आल्यावर, हे हिंडूफिरू लागल्यावर, मी त्यांना वॉर्डातलं सगळं सांगितलं. मग ते बोलायला लागले. ते बीच पार्टीत होते. सैन्य जहाजाच्या रॅम्पवरून, म्हणजे पुढच्या उतरत्या फळीवरून, किनाऱ्यावर उतरतं तेव्हा ही तुकडी आधी पाण्यात उतरते. वाळू कुठे घट्ट आहे, पाणी कुठे खोल आहे ते पाहते, निशाणं लावते, माणसं आणि गाड्या वाटेला लावते. युद्धात त्यांचं जहाज पाण्याखालच्या वाळूवर अडकलं. तिथून किनाऱ्यापर्यंत मध्ये खोल पाणी. ह्यांनी दोर धरला आणि जवान त्याला धरून जाऊ लागले.

"मग?"

"लाटा वाढल्या. आम्हाला वर ओढून घेतलं."

"सगळे उतरले होते?"

"कोणी म्हणालं हो, कोणी म्हणालं नाही. मला दुसऱ्या जहाजावर पाठवलं. नंतर विचारणार कोणाला? कधी वाटतं, शेवटचा पोचलेला मी पाहिला. कधी वाटतं, ते सरावातलं आठवतंय." मग मला विचारलं, "तू काय सांगितलंस मला?"

"सगळे उतरले म्हणून."

"तुला कसं माहीत?"

"नव्हतंच माहीत."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. "पुन्हा विचारलं असतं तर?"

"पुन्हा तेच सांगितलं असतं."

मी बरोबर केलं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. डॉक्टरांचे, सिस्टरांचे, त्या वॉर्डबॉयचे उपकार मात्र मी रोज आठवते. हे बोलणं झालं त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे बघत म्हणाले, "मग तसंच असेल," आणि उठून फिरायला गेले. जाताना डावा पाय चपलेत पहिल्या खेपेला गेला.