हाफलिंगर घोडीवरून माझी वरात

हाफलिंगर जातीचा घोडा बसायला अत्यंत उत्तम असतो, हे मी कोणत्याही घोड्यावर न बसता कुणालाही पटवून देऊ शकत असे.

या विद्येचा उगम म्हणजे पुसदच्या बाजारात रद्दीवाल्याकडे सापडलेली सोळा पानांची एक पुस्तिका. तिच्यात परदेशी घोड्यांच्या जाती चित्रांसह दिल्या होत्या. आता मी वाढलोच मुळी पत्रकांवर. इतरांच्या घरी लेकरं ज्वारीच्या भाकरीवर मोठी होतात, मी भाकरीसोबत पत्रकं खाऊन मोठा झालो. जे छापलेलं असेल ते खरं, आणि जे खरं असेल ते चौकात उभं राहून मोठ्यानं वाचायचं, एवढं माझं शिक्षण झालं होतं. पुस्तिकेत लिहिलं होतं : हाफलिंगर हा ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागातला घोडा. अंग तांबूस, आयाळ फिकट सोनेरी, उंची बेताची, पाठ रुंद. स्वभावानं शांत, गोंगाटाला बुजत नाही, नवख्या माणसालाही पाठीवर बसू देतो. एकदा शिकलेलं काम विसरत नाही. (या शेवटच्या वाक्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती. त्या रेघेची मला आजही लाज वाटते.)

आमचं गाव महागावच्या अलीकडे. धम्मदीक्षा घेऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती आणि माझं लग्न ठरलं होतं. गावात एक जुनी रीत होती. पाटलाच्या दारासमोरून जाताना आमच्या वस्तीतल्या माणसानं वाहनावरून उतरायचं. बंडीत असला तर खाली यायचं, सायकलवर असला तर सायकल हातात धरून चालायचं. घोड्याचा नियम नव्हता, कारण आमच्यापैकी कुणी घोड्यावर बसेल असं रीत घालून देणाऱ्यांना सुचलंच नव्हतं.

मी घरात जाहीर केलं, "वरात वरच्या गल्लीतून जाईल. घोडीवरून जाईल. आणि मी पाटलाच्या दारासमोर उतरणार नाही!"

"मागच्या पांदीनं गेलो तं काय बिघडते?" बा म्हणाला. "लगन होनं महत्त्वाचं का घोडी?"

"तत्त्व महत्त्वाचं, बा!"

"तत्त्वाची माय कोन हाय, तिले विचार पयले," असं म्हणून बा बाहेर निघून गेला. माय चुलीपुढे बसली होती. ती इतकंच म्हणाली, "पडू नको म्हंजे झालं."

मी कार्बन पेपर घालून बावीस पत्रकं हातानं लिहिली आणि गावभर वाटली. मजकूर थोडक्यात असा : 'वरात कोणाच्याही दारात थांबणार नाही. नवरदेव कोणाच्याही दारात उतरणार नाही. रस्ता सर्वांचा आहे.' एक प्रत पाटलाला नेऊन दिली. सोबत अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा करणाऱ्या नव्या कायद्याचं पत्रकही दिलं, म्हणजे त्याला वाचायला दोन्ही गोष्टी होतील.

घोडी शोधायचं काम किसनमामानं केलं. मामा पुसदला कापसाच्या जिनात कामाला होता. त्याच्या ओळखीच्या रहीमचाचांची घोडी पाहताच मी जागीच उभा राहिलो. तांबूस अंग! फिकट सोनेरी आयाळ! बुटकी! रुंद पाठ!

"मामा, ही हाफलिंगर आहे!"

"कायची?"

"ऑस्ट्रियाची!"

"नाही बावा," मामा म्हणाला, "हे दिग्रसच्या बाजारातली हाय."

रहीमचाचा हसत म्हणाले, "बेटा, रानी बहुत सीधी है. बस एक बात है उसकी..."

"ठहरिए चाचा!" मी म्हणालो आणि खिशातून पुस्तिका काढून त्यांच्याच घोडीचा स्वभाव त्यांना वाचून दाखवू लागलो. ते दोनदा मध्ये बोलायला गेले. दोन्ही वेळा मी हात वर केला. शेवटी त्यांनी मान डोलावली आणि लगाम मामाच्या हाती दिला. लग्नासाठी म्हणून घोडी पैसे न घेता दिली, वर मला दुवाही दिली. ती एक बात त्यांच्याजवळच राहिली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी रानीवर बसलो. पुस्तिकेचा शब्द न् शब्द खरा निघाला! कानाशी डफडी कडाडत होती, पण ती बुजली नाही. मी तीनदा चुकीच्या बाजूनं चढायला गेलो, तिनं चारही वेळा शांतपणे वाट पाहिली. (चौथ्यांदा मला मामानं ढकललं.) मी मान ताठ करून मामाला म्हणालो, "पाहिलं?" मामा म्हणाला, "समोर पाह्य."

वरच्या गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं घर. शिंपीणबाई ओट्यावर सूप घेऊन तूर पाखडत होत्या. रानी सरळ त्यांच्या ओट्याला आडवी जाऊन उभी राहिली. मामानं लगाम ओढला. ढिम्म! रानीनं मान लांबवली, सुपातून तोंडभर तूर घेतली आणि मग आपण होऊन पुढे निघाली.

"भुकेली असन," मामा म्हणाला. "सकाई काय चारलं तू?"

"स्वारीपूर्वी चारायचं नसतं."

"हे कोन सांगतलं?"

मी खिशाला हात लावला.

दुसऱ्या घरी रानी पुन्हा थांबली. तिथल्या म्हातारीनं घाबरून हातातली भाकर तिच्या तोंडात दिली आणि दोन पावलं मागे सरली. रानी पुढे. तिसऱ्या घरी पुन्हा तेच. 'कोणाच्याही दारात थांबणार नाही' म्हणणारी वरात तीन दारांत थांबून चुकली होती आणि डफडीवाल्यांना हसू आवरत नव्हतं.

चौथं घर पाटलाचं.

पाटलानं सकाळपासून बायामाणसांना आत कोंडून पुढचं दार लावून घेतलं होतं. रानी त्या बंद दारासमोर आडवी उभी राहिली. मामानं ओढलं, बानं मागून लोटलं, डफडीवाल्यांनी तिच्या शेपटीशी जाऊन वाजवलं. तिनं फक्त डोळे मिटले. स्वभावानं शांत!

आता आली पंचाईत. घोडी हलवायची तर खाली उतरून ओढायला हवी. आणि उतरायचं कुठे? पाटलाच्या दारासमोर! पिढ्यान्पिढ्या आमचे लोक जिथे उतरत आले, नेमकं तिथेच!

"सुदाम, उतर लेका," बा हळूच म्हणाला. "हातानं वढून नेऊ."

"नाही उतरणार."

"अरे, कोन पाह्यते?"

सारं गाव पाहत होतं. पाटील बाजूच्या दारानं ओट्यावर आला.

"काहून रे, थांबनार नाही म्हनून कागद वाटला ना तू? मंग थांबला कायले?"

घोडी हलत नाही, हे सांगायची मला लाज वाटली. म्हणून मी ओरडलो, "रस्ता सर्वांचा आहे!"

"मी नाही म्हनलं काय? जाय ना पुढं!"

"आम्ही कोणाच्या सांगण्यावरून जात नसतो!"

एवढं एकच वाक्य माझ्याजवळ उरलं होतं. पण त्याचा परिणाम भलताच झाला. पाटलाला वाटलं, मी धरणं धरलं. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "बरं, मागन्या काय हायेत तुह्या?"

मागण्या! वरातीच्या गडबडीत मी मागण्याच लिहिल्या नव्हत्या. तरी दहा मिनिटं भाषण केलं. समता, रस्ता, विहीर, पुन्हा रस्ता. ऊन चढत होतं. खोगीर बांगड्यांच्या पेट्या अडकवायचं होतं, लाकडी, दोन्ही बाजूंना खुंट्या असलेलं. माझ्या मांड्यांमध्ये मुंग्या आल्या होत्या. मी जरा बैठक बदलायला पाय रिकिबीतून काढला, तसा पाटील ताडकन् उभा राहिला.

"उतरू नको! ऐका वो गावकरी, मी याले उतर म्हनलं नाही! उद्या हा लिहीन, पाटलानं उतरवलं म्हनून. कायदा वाचला मी! तू अजिबात उतरायचं नाही, सांगून ठेवतो!"

मी संकटात सापडलो. उतरलो तर जुनी रीत पाळली. न उतरलो तर पाटलाचा हुकूम पाळला. एका पायानं रिकिबीत आणि एका पायानं बाहेर, मी असा तत्त्वाच्या मधोमध लटकत राहिलो.

"मी तुमच्या सांगण्यावरून बसलेलो नाही!" मी म्हणालो. "मी माझ्या मर्जीनं बसलो आहे!"

"मंग बस ना तुह्या मर्जीनं! मी बसू नको म्हनलं काय?"

हे आणखी किती चाललं असतं कोण जाणे. मागून माय पुढे आली. लुगड्याचा पदर खोचून ती पाटलाच्या पायऱ्या चढली. या घराच्या मागच्या दारी ती वीस वर्षं वेचणीच्या, निंदणीच्या कामासाठी उभी राहिली होती. पुढच्या दाराला तिनं कधी हात लावला नव्हता. तिनं कडी वाजवली.

"पाटलीणबाई! चतकोर भाकर आना वो!"

"माय!" मी घोडीवरून किंचाळलो. "आपण मागायचं बंद केलं आहे!"

माय वळली. "तुह्यासाठी नाही मांगत. घोडीले पायजे. तीन घरी खाल्लं अन् चालली, चवथ्या घरी दार बंद हाय. येवढे शिकले तुमी, येवढं दिसत नाही?"

दार उघडलं. पाटलीणबाईंनी घोडीकडे पाहिलं आणि त्या मोठ्यानं हसल्या. "अवं, हे तं रहीम मनियाराची रानी! माह्या मायेरी येते ना हे बांगड्या घेऊन! दारोदार उभी राह्यते. घरातल्या बाईनं तोंडात काई देल्याबिगर हालत नाही!"

ती एक बात अखेर मला कळली.

मनियाराची घोडी म्हटल्यावर कोंडलेल्या साऱ्या बाया बाहेर आल्या. "पेट्या कुठी हायेत? हिरव्या हायेत काय?" पाटलीणबाईंनी भाकरीचा तुकडा आपल्या हातानं रानीच्या तोंडात दिला. मग मायकडे वळून म्हणाल्या, "नवरी कुठची केली वो?" माय पुढच्या दारात उभी राहून त्यांना माझ्या सासरची सगळी हकिकत सांगू लागली. घाई तिलाही नव्हती आणि त्यांनाही. माझ्या एवढ्या भाषणातला एक शब्दही जिथे आत गेला नाही, तिथे माय उंबऱ्याला हात टेकून उभी होती.

त्यानंतर गल्लीत बातमी आमच्यापुढे धावली. प्रत्येक दारात बाई भाकर घेऊन उभी! आम्ही उरलेल्या अकराही घरी थांबलो. कुणी रानीचं कपाळ खाजवलं, कुणी विचारलं, "नवरदेव असा रागात काहून हाय?" पाटील शेवटपर्यंत आमच्यासोबत चालला, प्रेमापोटी नव्हे, साक्षीदार म्हणून. दर दारात तो ओरडून सांगे, "पाहा वो, बसलाच हाय! कोनी उतरवलं नाही!"

गल्ली संपली. शिवेजवळ बंड्या उभ्या होत्या. सावलीची जागा धरायला सारी वरात तिकडे पळाली. मामा, बा, डफडीवाले, सगळे. मीही विजयानं उतरायला गेलो.

पाय हलेनात. खोगिराच्या खुंट्यांत दोन्ही मांड्या अशा जखडल्या होत्या आणि कमरेखालचं सारं अंग असं मेलं होतं, की खाली जमीन आहे की नाही तेही कळेना. मी मामाला हाक मारली, पण डफडी वाजत होती. जवळ एकच माणूस होता.

"पाटील," मी खालच्या आवाजात म्हणालो, "जरा उतरवता का मला?"

पाटील दोन पावलं मागे सरला. हात पाठीमागे बांधले. मग खिशातून कागद आणि पेन्सिलीचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला.

"पयले लिहून दे."

मी घोडीवर बसूनच लिहून दिलं : 'मी स्वखुशीनं उतरत आहे. पाटलांनी मला उतरवावं, ही माझीच विनंती.' खाली सही केली. मग त्यानं मला काखेत हात घालून, कापसाचं बोचकं उतरवावं तसं खाली ठेवलं.

त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून मी अन्यायाविरुद्ध पुष्कळ लिहिलं, छापलं, वाटलं. लोकांनी त्यात फुटाणे बांधले, चुली पेटवल्या. माझं कुणीतरी घडी घालून, पेटीत कुलपाखाली जपून ठेवलेलं लिखाण म्हणाल, तर पाटलाला लिहून दिलेलं ते एवढं एकच.