शेळीबरोबर आलेली

डॉक्टर हात धूत होता. मी तांब्यानं पाणी घालत होते. पलंगावर अक्कासाहेब उशीला टेकून बसल्या होत्या. मुंबईत भाड्यानं घेतलेला बंगला, दारात व्हिक्टोरिया घोडागाडी उभी. मी धीर केला आणि म्हणाले, "अक्का, तेवढं माज्या डोळ्याचं इचारा की."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. "ही कोण?"

"ती होय? शेळीबरोबर आलीय," अक्कासाहेब म्हणाल्या. मग हसून, "शेळ्या राखायला एक डोळा पुरतो, डॉक्टर."

डॉक्टरही हसला. हात पुसले, टोपी घातली, गेला. मी ओला टुवाल धरून तिथंच उभी राहिले.

ह्या अक्कासाहेब कोण ते सांगते. अहोजाहो मात्र इथंच सोडते. ती आमच्या देशमुखाची लेक. ती जन्मली तेव्हा तिच्या आईला दूध आलं नाही. माझ्या आईला तेव्हा मी नुकतीच झालेली. देशमुखाचा गडी आला आणि आईला घेऊन गेला. अक्का पोटभर प्यायली, मी उरलंसुरलं. म्हणून तू अशी काडी, असं आई हसत सांगायची. मला हसू यायचं नाही, पण अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू? जत्रेत चारचौघींसमोर अक्का म्हणायची, "ही माझी दूधबहीण." तेवढ्यावर मी फुगायची.

मांजरसुंब्याच्या डोंगरात आमची वस्ती. आम्ही शेळ्या-मेंढ्या राखणारी माणसं. मला आत्याच्या घरीच दिलेली, त्यामुळं सासर-माहेर एकाच ठिकाणी. त्या वर्षी शेळ्यांना बाभळीचा पाला पाडताना काटा डोळ्यात गेला. डोळ्यात फूल पडलं. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी जमेल ते घातलं, बांधलं, फुंकलं. उतार पडेना. त्याच सुमाराला अक्का छातीचं दुखणं घेऊन माहेरी आली. वैद्यानं मुंबईची हवा सांगितली आणि शेळीचं दूध, तेही एकाच शेळीचं.

अक्कानं मला वाड्यावर बोलावलं. हात हातात घेतला. "तुझी भुरी घेऊन चल माझ्यासंगं. तिकडं मोठमोठे डॉक्टर हायत. आधी तुझा डोळा दाखवू, मग माझी छाती." देवाची शपथ घेऊन म्हणाली.

नवरा म्हणाला, "बडा घर पोकळ वासा. जाऊ नगंस."

"ती माजी बहीण हाय," मी म्हणाले.

बैलगाडीनं नगरपर्यंत गेलो. निजामाच्या मोगलाईची हद्द संपते तिथल्या नाक्यावर शिपायानं शेळीची जकात मागितली, ती अक्काबरोबर आलेल्या तिच्या भावानं भरली. नगरला आगगाडी. अक्का आणि तिचा भाऊ गादीच्या डब्यात. भुरी गार्डाच्या डब्यात, खाली गवत अंथरलेलं. मी तिसऱ्या वर्गात संडासाच्या दाराशी, मांडीवर त्यांच्या भांड्यांचं पोतं. दौंडला गाडी थांबल्यावर पळत जाऊन भुरीला पिळलं आणि गादीच्या डब्याच्या खिडकीतून पेला वर दिला. अक्कानं पेला घेतला आणि पडदा ओढला. मला तेव्हा काही वाटलं नाही. डोळा बरा होणार होता ना माझा!

मुंबईत भुरी जिन्याखाली, मीही जिन्याखाली. डॉक्टर दर आठवड्याला यायचा. "आज त्याला घाई हाय, फुडल्या खेपेला बघू," अक्का म्हणायची. पुढल्या खेपेला म्हणायची, "आधी मला जरा उतार पडू दे." संध्याकाळी ती व्हिक्टोरियातून समुद्रावर हवा खायला जायची. एकदा म्हणाले, मलाही दाखवा समुद्र. "मग शेळीजवळ कोण थांबंल?" असं होता होता महिना गेला. माझ्या चांगल्या डोळ्यालाही उजेड सोसेनासा झाला. म्हणून त्या दिवशी धीर केला, आणि ते उत्तर मिळालं.

राग नंतर आला. आधी टुवाल वाळत घातला. देशमुख असं म्हणाला असता तर ऐकून घेतलं असतं, त्याच्याकडून आशाच नव्हती. पण हिनं म्हणावं? माझ्या वाटचं पिऊन जी वाढली, तिनं?

संध्याकाळी तिनं हाक मारली, "भुरीला पिळलंस का गं?"

"न्हाई."

"कावून?"

"न्हाई पिळनार."

"डोकं फिरलं का तुझं?"

मी भुरीचं दावं सोडलं. शेळी माझी होती, आईनं दिलेली. फाटकाबाहेर आले. मागून गडी धावत आला. "अक्कासाहेब म्हनत्यात, आत्ता गेलीस तर परतीचं तिकीट न्हाई. आन देशमुखाच्या रानात तुमची शेरडं चरायची न्हाईत."

"बरं म्हनावं."

समुद्र वाटेतच लागला. मोठा होता. थांबले नाही.

घाटावरून आलेल्या, भाजी विकणाऱ्या एका बाईनं आपल्या खोलीत कोपरा दिला, दुधाच्या बदल्यात. सकाळी तीच मला धर्मादाय दवाखान्यात घेऊन गेली. तिथं रांगेत कुणी कुणाला कोण म्हणून विचारत नव्हतं. डॉक्टरनं पापणी उचलली. "मुंबईत कधी आलीस?"

"झाला की महिना."

"महिनाभर काय करत होतीस?" तो ओरडलाच.

"शेळी पिळत हुते."

त्यानं पापणी सोडली. मग म्हणाला, हा डोळा गेला. आधी आली असतीस तर कदाचित वाचला असता. आता काढावाच लागेल, नाहीतर दुसराही जाईल.

"काढा," मी म्हणाले.

जखम भरेपर्यंत त्या कोपऱ्यात राहिले. मग भुरी विकली आणि तिकीट काढलं. डोळ्यासाठी रडले नव्हते, भुरीसाठी रडले. घरी आले तर नवऱ्यानं खांद्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "अक्काची छाती कशी हाय गं?" जन्मात पहिल्यांदा मी आईवर ओरडले. "तुजी लेक म्या हाय!" म्हणाले. तिनं हात मागं घेतला. तिचाही दोष नव्हता. तिला तसंच शिकवलं होतं, आणि तिनं मला.

देशमुखानं रान बंद केलं. आम्ही शेरडं घेऊन वरच्या डोंगरात गेलो. उन्हाळा जड गेला, दोन पिल्लं मेली. पण पुढच्या साली वस्तीवरच्या दोघींचे डोळे चिकटायला लागले, तेव्हा मी म्हणाले, चला मुंबईच्या दवाखान्यात. आपली भाकरी, आपलं तिकीट, तिसरा वर्ग. कुणाची भांडी मांडीवर घ्यायची नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी वाड्यावरचा गडी आला. "देशमुख इचारत्यात, ह्या बायका कुणाला इचारून मुंबईला न्हेतीस?"

"कुणाला बी न्हाई," मी म्हणाले. "आन आता दर साली न्हेनार. जाऊन सांग."