आमची कावीळ आणि उसाचा रस

मला कावीळ झाली तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा आठवडा होता. (लग्नाचा आठवडा धरून. हे वाक्य आमच्या हिनं वाचू नये.)

सुरुवात झाली ती मधुमेहापासून. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग चष्म्यावरून मला पाहिलं आणि म्हणाले, "तीन महिने देतो. साखर उतरली तर गोळ्यांवर भागेल. नाही उतरली तर रोज इन्सुलिनचं इंजेक्शन." इंजेक्शन म्हटलं की मी आधी दार कुठं आहे ते बघतो. घरी येऊन मी सपशेल शरणागती पत्करली. "काय द्याल ते खाईन, पण सुई नको!"

"काय द्याल ते" एवढेच शब्द आमच्या मृणालनं नेमके पकडले. मृणाल ही आमची मुलगी, नुकतीच हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलेली. त्या काळात पुण्यात ज्याच्या घरचं मूल हिंजवडीला लागे, त्याच्या घरी आधी कॉम्प्युटर येई, मग इंटरनेट येई आणि मग सल्ले येत.

"बाबा, लो-कार्ब! पोळी, भात, बटाटा, साबुदाणा, केळं, चिकू, आंबा, सगळं बंद."

"मग जेवायला बसून मी करू काय? श्लोक म्हणू?"

"भाज्या खायच्या. पण फळं बंद म्हणजे व्हिटॅमिनचा प्रॉब्लेम येऊ शकतो हं. व्हिटॅमिन ए तरी मिळायला हवं. थोडं गाजर चालेल, असं लिहिलंय."

यातला "थोडं" हा शब्द आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलाच नाही. ही मंडईत गेली आणि दोन पिशव्या गाजरं घेऊन आली. सकाळी गाजराचा रस, दुपारी गाजराची कोशिंबीर, चहाच्या वेळेला गाजराचे तुकडे (चहा नाही, नुसते तुकडे!), रात्री लाल भोपळ्याचं सूप आणि त्यात चवीला गाजर. एकदा मी भीत भीत हलव्याचा विषय काढला. म्हटलं, "त्यातही गाजरच असतं."

"अहो, गाजर चालतं, हलवा चालत नाही," ही म्हणाली. विषय संपला.

असे दिवस काढता काढता तपासणीला आठवडा उरला. साखर उतरली असणार याची मला खात्री होती, कारण अंगात दुसरं काही उरलंच नव्हतं. आणि एका सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या लिमयेकाकूंनी मला अडवलं.

"थांबा! हात दाखवा."

मी दाखवले. तळहात पिवळे! नाकाचा शेंडा पिवळा! चप्पल काढून पाहिलं तर तळपायही पिवळे!

"कावीळ!" काकूंनी निकाल दिला. "आणि चांगली मुरलेली."

घरात एकच हलकल्लोळ झाला. मृणाल म्हणाली, "आधी ब्लड टेस्ट करू." ही म्हणाली, "डॉक्टरांकडे चला." काकूंनी दोघींना गप्प केलं. "काविळीवर डॉक्टरांकडे काय असतं? कात्रजच्या पुढे एक बुवा माळ देतात. ती गळ्यात घालायची. कावीळ उतरत जाते तशी माळ लांब होत जाते. तेल-तूप बंद. आणि पथ्याला उसाचा रस, दहीभात, साळीच्या लाह्या आणि गूळ."

मी कान टवकारले. "काकू, ते पथ्याचं परत सांगा."

"उसाचा रस. दिवसातून चार वेळा."

"अहो पण काकू, ह्यांना साखर आहे!" ही कळवळली.

"आधी कावीळ! साखर काय, कुठं पळून जातेय?"

इतकं शास्त्रशुद्ध वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मृणाल पुन्हा ब्लड टेस्टचं काढू लागली, तेव्हा मी तिला "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये" असं सुनावलं आणि बस पकडायला निघालोसुद्धा.

माळ गळ्यात घालून परतताना स्वारगेटला उतरलो आणि थेट रसवंतीत शिरलो. रसवाल्यानं माळेकडे पाहिलं. "कावीळ का?"

"हो."

"मग इतके खूश का दिसताय?"

मी बोटानंच आणखी एक ग्लास मागितला. तोंडात रस होता.

पुढचे दिवस काय वर्णावेत! सकाळी रस, दुपारी दहीभात, संध्याकाळी लाह्या आणि गूळ. फक्त रंग काही उतरेना. कारण काविळीनं अशक्तपणा येऊ नये, व्हिटॅमिन कमी पडू नये, म्हणून हिनं गाजरं वाढवली होती! गाजरं वाढली की रंग चढे, रंग चढला की काकू रस वाढवत. माळ मात्र भराभर लांबत बेंबीपर्यंत आली. "कावीळ बाहेर पडतेय," काकू म्हणाल्या. "बाहेर पडताना जरा जास्त दिसतेच."

ठरल्या दिवशी रक्त दिलं आणि रिपोर्ट घेऊन आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. काकूही आल्या. माळेचं श्रेय दुसऱ्या कुणी घेऊ नये, ही त्यांची काळजी.

डॉक्टरांनी माझी पापणी खाली ओढली. "डोळे तर पांढरेशुभ्र आहेत. भूक लागते?"

"उत्तम!"

"ते दिसतंच आहे. काय खाता?"

"गाजर," ही अभिमानानं म्हणाली. "रोज किलोभर तरी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ही कावीळ नाही. हे गाजर आहे. इतकं खाल्लं की कातडीवर रंग चढतो. कमी करा, आपोआप उतरेल."

"पण माळ लांब झाली ना!" काकू उसळल्या.

"दोरा आहे, काकू. रोज आंघोळीत भिजला की सैल होणारच." मग त्यांनी रिपोर्ट उघडला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "आणि ही साखर? हिला काय झालंय?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा बारकाईनं अभ्यास करू लागलो.

"उसाचा रस," मृणाल म्हणाली. "काविळीसाठी."

"कुठल्या काविळीसाठी?"

डॉक्टरांनी शांतपणे खण उघडला. "आजपासून इन्सुलिन. कसं टोचायचं ते आत्ताच दाखवतो. शर्ट वर करा."

सुई बाहेर आली मात्र, माझ्या अंगातलं रक्त कुठं पळालं देव जाणे! डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय गार पडले. मी खुर्चीतून खाली घसरत असताना काकूंचा आनंदानं चिरकलेला आवाज तेवढा कानावर आला.

"अगं बाई, बघा बघा! पांढरेफटक पडले! उतरली की हो कावीळ!"