आंब्याखालची माती

अंगणातल्या आंब्याखाली मी तिसऱ्यांदा हिरवळ लावली आणि तीही पिवळी पडली. दर वेळी वीतभर माती खणली, चार पाट्या शेणखत घातलं. घड्याळ लावून ऊन पाहिलं, तर दिवसाला जेमतेम दीड तास. मी उन्हालाच दोष देत राहिलो.

काल सकाळी नेहमीप्रमाणे झाडाखालचा पाला पोत्यात भरून मी घंटागाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या कमलकाकू कुंपणापाशी आल्या.

"झाडाच्या पुढ्यातलं ताट रोज ओढून घेता, आणि मग चार घास खत भरवता होय? खणताना त्याची कोवळी मुळंही तोडता!"

मी हसलो.

"हसताय काय? शेंडा बघितलात का कधी?"

नव्हता बघितला. दोन वर्षं माझी नजर जमिनीवरच होती. वरच्या तीन फांद्या वाळून गेल्या होत्या.

स्वच्छतेची इतकी सवय झाली होती, की उघडी, टणक, उपाशी माती मला नीटनेटकी वाटत होती. घरातल्या माणसांचंही असं काय काय मी केर समजून झाडून टाकलं असेल, कोण जाणे.

आज पाला तिथेच पसरून ठेवला आहे. हात शिवशिवतात, एका जागी बसवत नाही. गवत नसलं तर नसू दे, आंबा राहायला हवा. त्या तिघींखालच्या चौथ्या फांदीची पानं अजून हिरवी आहेत. सकाळपासून पाच वेळा बाहेर जाऊन पाहिली.