पाटाच्या पुलावरची फटफट

बायकोला, रूथला घेऊन मी शेवटचा कुठं गेलो, तर गॅरेजात. चर्चला नाही, लेकीकडं नाही... श्रीरामपूरला शांतवनच्या गॅरेजात. इंजिनातला धूर जिथून बाहेर पडतो, त्या बिडाच्या मॅनिफोल्डला तडा गेला होता. गाडी सुरू केली की फट-फट-फट. शांतवन वाकून बघत म्हणाला, "मामा, हे काढून टाकू. पुण्यावरनं हेडर मागवतो. स्टीलचे येगळेयेगळे पाइप असत्यात, धूर झटक्यात भाईर. गाडी मोकळा दम घेती बघा." एका गिऱ्हाइकाच्या गाडीला बसवलेला होता, तो त्यानं चालू करून दाखवला. गॅरेजाचे पत्रे थरथरले.

रूथ बाकावर काठी धरून बसली होती. म्हणाली, "ह्याला हेडर म्हनत्यात व्हय? ह्यो तर हेडमास्तर हाय. नुसता वराडतोय." शांतवन खो खो हसला. ती हसली नाही. "ह्यो बसवल्यावर मी ह्यांना वळखू कशी?"

शुगरनं तिचे डोळे नेले त्याला बरीच वर्षं झाली. कानांनी मात्र ती घर चालवायची. आमच्या घराच्या अलीकडं पाटाचा पूल आहे. माझी गाडी त्यावर चढली की ती चुलीवर तवा ठेवायची, आणि मी दारात उतरेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. कधी चुकली नाही. एकदा मी घरातच होतो आणि अगदी आमच्यासारखीच गाडी पुलावरून आली. मी गमतीनं म्हणालो, "अगं, तवा ठेव, आलो मी." ती म्हणाली, "गप बसा. तुमची खोकती. ही नुसती शिंकती."

गॅरेजात मी तिला बोललो, "लगीन माझ्याशी केलंस का गाडीशी?"

"गाडी आधी येती. तुमी मागनं येता."

मग मी शांतवनला सरळ विचारलं, खरं सांग, काही उपेग हाय का? पोटासाठी धंदा करतो, पण खोटं बोलला नाही. "मामा, तुमची गाडी म्हंजे दूध, बाजार आन् चर्च. पिकअप वाढंल, पर लई पळवली तर. तितकी तुमी कधी पळवतच न्हाई. अ‍ॅव्हरेजला फरक न्हाई. आवाज तेवढा वाढंल."

"मग जुनं सांधून दे."

"बिडाला सांधा धरत न्हाई. हितं सांधला तर तितं तडकतं. जुन्या गाडीतलं भेटलं तर बघतो, पर भरवसा न्हाई."

इचार करून सांगतो म्हणालो आणि निघालो. वाटेत तिनं काच खाली घ्यायला लावली. फटफट ऐकत बसली. म्हणाली, "तडा तर तडा. आता तर पुलाच्या पल्याडनंच वळखीन तुमाला."

रात्री आम्ही जेवलो, झोपलो. सकाळी चहाला हाक मारली... दोनदा मारली. हात लावला तर गार.

पास्टर म्हणाले, ती प्रभूजवळ आहे. असेल. माझ्याजवळ नाही, एवढंच मला कळतं. लोक म्हणतात, सावरा. कशाला धरून सावरू ते कुणी सांगत नाही. महिना होऊन गेला. गाडी तशीच फटफटते. पुलावर आलो की पाय आपोआप ढिला पडतो. घरी पोचायची घाई कुणासाठी करू? एकदा तर पुलावरच गाडी बंद करून बसलो. मागून हॉर्न वाजायला लागले. वाजू दिले.

दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शांतवन भेटायला आला होता. उठताना दबकत म्हणाला, "मामा, आता... बसवायचा का हेडर?" त्याचं चुकलं नाही. ज्या कानांसाठी अडलं होतं, ते कान आदल्या दिवशीच मातीत गेले होते.

मी चावी त्याच्या हातात दिली. "पुलाच्या पल्याड जा आन् माघारी ये. मी चालवतो तशी चालव, सावकाश."

तो गाडी घेऊन गेला. ती गाडी आजवर मीच चालवली. घरातून ती कशी ऐकू येते, मला कधी ठाऊकच नव्हतं. मी आत गेलो. चूल पेटवली. तिच्या गोणपाटावर बसलो, डोळे मिटले. एक टेम्पो गेला. एक मोटारसायकल गेली. मग कितीतरी वेळ काहीच नाही... आणि मग लांबून, पुलाच्याही पलीकडून, फट-फट-फट.

मी घरी येत होतो.

मी तवा चुलीवर ठेवला.