हातांवर बसणाऱ्या आपा

आपा स्वतःच्या हातांवर बसायच्या. तुम्हाला वाटेल, मी काहीतरी अलंकारिक बोलतेय. नाही हो, अगदी खरोखर. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी केलेली ती बुटकी प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर आपांचा भरभक्कम देह, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. समोर एखादं मूल डब्याच्या झाकणाशी झटापट करत असायचं आणि आपा नुसत्या बघत असायच्या. आमच्यापैकी कुणाला राहवलं नाही आणि हात पुढे गेला, की मान न वळवता म्हणायच्या, "हात आवर गो!"

कुवेतमधल्या खैतान भागातल्या आमच्या शाळेतला हा एक वेगळा वर्ग होता. कुणाला बोलता येत नाही, कुणाला चालता येत नाही, एक-दोघांना धड बसताही येत नाही, अशी मोजकी मुलं. आपा मुख्य शिक्षिका आणि मी त्यांच्या हाताखाली. त्या रत्नागिरीकडच्या, नवरा तिथल्याच अहमदी शहरात नोकरीला. मी नाशिकची, नवऱ्यामागून कुवेतला आलेली आणि फ्लॅटमध्ये बसून कंटाळलेली. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणत.

पहिल्याच दिवशी मी एका मुलाला चटकन बूट घालून दिला. बिचारा बाहेर झोपाळ्यावर जायला खोळंबला होता. आपा आल्या, वाकल्या, मी घातलेला बूट काढला आणि पुन्हा त्याच्यासमोर ठेवला! बूट त्याच्या पायात जाईपर्यंत झोपाळ्याची वेळ संपली. "आज बूट झाला," आपा म्हणाल्या. "झोपाळा उद्या." काय बाई आहे ही, असं मला वाटलं. घरी जाऊन नवऱ्यालाही तेच सांगितलं.

मुलांचे पापे घेणं, बोबडं बोलणं त्यांना जमत नसे. एखादी पाहुणी डोळे टिपत म्हणाली, "किती पुण्याचं काम करता हो तुम्ही," की आपा म्हणायच्या, "पगार घेते मी." पाहुणीचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा.

गंमत म्हणजे घरी हीच बाई अगदी उलटी. एका शुक्रवारी आम्हाला जेवायला बोलावलं, तर पहिला घावणा संपायच्या आत दुसरा पानात. कोलंबीच्या कालवणाची वाटी रिकामी होऊच देईनात. शेवटी मी ताटावर आडवा हात धरला. "आपा, हात आवरा!" त्या इतक्या हसल्या की पळी खाली पडली. "हा काय वर्ग आहे गो?"

वर्गात हना नावाची एक मुलगी होती. इजिप्तच्या कुटुंबातली, चार वर्षं पूर्ण झालेली, तोंडातून शब्द एकही नाही. पायांत जोर नव्हता, बसल्या बसल्या सरकत जायची. दाराजवळ, मुलांचे हात पोचतील इतक्या खाली, आमचा एक फळा होता. त्यावर वेल्क्रोनं चिकटवलेली चित्रं: पाणी, बिस्किट, झोपाळा, संडास. आम्हा दोघींचे फोटोही होते, आज कोण आलंय ते मुलांना कळावं म्हणून. हवं असेल त्याचं चित्र काढायचं आणि कुणाच्या तरी हातात द्यायचं, हेच आमच्या वर्गातलं बोलणं. चित्र हातात आलं की त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि ती वस्तू लगेच द्यायची.

हनाला हे शिकवण्यात वर्ष गेलं. तिची आई घरी सगळं न मागताच पुढ्यात ठेवायची. तिला आपा रोज दारात सांगायच्या, "शुवय, शुवय." म्हणजे जरा दमानं. मग एके दिवशी हनानं बिस्किटाचं चित्र काढलं आणि आपांच्या हातात ठेवलं. जन्मात पहिल्यांदा त्या पोरीनं काही मागितलं होतं. आई दारात उभी राहून रडली. आपांनी बिस्किट दिलं.

पुढे लक्षात आलं की हना चित्र फक्त आपांनाच देते. माझ्या पसरलेल्या हाताकडे ती भिंतीकडे बघावं तशी बघायची. आणि नेमकी तेव्हाच आपांच्या नवऱ्याची नोकरी संपली. अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द होणार होता. दोघं गावी परतणार होती. हनाच्या आईनं मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "आपा गेल्यावर ही कुणाकडे मागणार?"

शेवटच्या आठवड्यात हना चित्र घेऊन सरकत आली की आपांचे हात मांड्यांखाली. चित्र घ्यायला हातच नाहीत! शेजारी मी हात पसरून बसलेली. हना चित्र आपांच्या मांडीवर ठेवायची, ते घसरायचं, ती पुन्हा ठेवायची. मग फरशीवर डोकं टेकून किंचाळायची. मला आपांचा भयंकर राग आला.

"घ्या ना आपा एकदा! आता जाताच आहात."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. हात बाहेर काढले तेव्हा त्यांवर खुर्चीचे लाल वळ उठले होते. डोळेही भरले होते. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

गुरुवारी, त्यांच्या शेवटच्या दिवशी, मी त्यांचा फोटो फळ्यावरून काढायला गेले.

"राहू दे गो."

"आणि तिनं मागितलं तर? तुम्हाला कुठून आणू?"

"नाही म्हणायचं. तिला मागता आलं पाहिजे. दर वेळी मिळतंच असं थोडंच आहे?"

आपा गेल्या. हनानं तोवर माझ्या हातात काहीही दिलं नव्हतं.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी वर्ग भरला. हना दाराकडे तोंड करून बसली. तो सगळा आठवडा तसाच गेला. बिस्किट नाही, पाणी नाही, काहीच मागितलं नाही. रोज तिची आई दारात येऊन माझ्याकडे बघायची आणि मी नकारार्थी मान हलवायची.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मागून वेल्क्रोचा कर्रर्र आवाज आला. मी त्या बुटक्या खुर्चीवर बसले होते. हना सरकत सरकत आली, थांबली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि माझ्या हातात चित्र ठेवलं. आपांचा फोटो.

"आपा," मी मोठ्यानं म्हणाले. नियमच होता तो. "हनाला आपा हव्यात." मग मान हलवली. "आपा नाहीत."

तिला उचलून छातीशी धरावं असं फार वाटलं. मी फोटो मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

ती माझ्याकडे बघत राहिली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. फोटो उचलला, फळ्यापर्यंत गेली, तो तिथे चिकटवला. परत आली ती बिस्किटाचं चित्र घेऊन.

मी हात सोडवले. "बिस्किट," म्हणाले, आणि दिलं.

फळ्यावर आपा उलट्या लागल्या होत्या, डोकं खाली. सरळ करायला म्हणून मी अर्धी उठले आणि परत खाली बसले. तो फोटो हनानं लावला होता.